बाटली व्हीगन आहे का, हे शोधायचं कसं?

व्हीगन झाल्यावर, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच घ्यायचं नाही असं ठरवल्यावर, दूध, तूप, पनीर, मध यांचा निकाल पहिल्या काही दिवसांतच लागतो. दारूचा लागत नाही. घरचे म्हणतात, "अरे, द्राक्षं नाहीतर बार्ली, त्यात कसलं आलंय मांस?" वरवर पाहिलं तर त्यांचं बरोबरच असतं. बियर म्हणजे पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. वाइन म्हणजे द्राक्षांचा रस आणि यीस्ट. यीस्ट ही बुरशी, तिची कुणा व्हीगनला अडचण नाही. घोटाळा होतो तो पुढे, गढूळ पेय नितळ करताना. तिथे जे वापरतात ते लेबलवर लिहायची सक्ती बहुतेक देशांत नाही.

मी हा शोध इंग्लंडमध्ये शिकत असताना सुरू केला आणि पुण्यात परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून केला, कारण तिथली उत्तरं इथे लागू पडेनात. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी हा लेख नाही, आणि प्यायला सुरुवात करावी असा त्याचा आग्रहही नाही. पिताच आहात आणि व्हीगनही आहात, तर पुढचं वाचा.

हाताशी काय हवं

- बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलचा फोटो. मागचं लेबल जास्त कामाचं.
- वाइन असेल तर द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष.
- बॅच नंबर, आणि पेय कुठे तयार झालं व कुठे भरलं तो पत्ता.
- ग्राहक सेवेचा ईमेल. भारतात विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालावर तो छापलेला असतो, अक्षर मुंगीएवढं असलं तरी.
- थोडा धीर. काही कंपन्या दोन दिवसांत उत्तर देतात, काही कधीच देत नाहीत.

1. आधी निवळण्याचा प्रकार समजून घ्या

हे एकदा कळलं की निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबू.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. बियर-वाइनमध्ये हेच काम करणाऱ्या पदार्थांना फायनिंग म्हणतात. ते यीस्टला, प्रथिनांना किंवा टॅनिनला (तुरट चव देणाऱ्या द्रव्याला) धरून खाली बसतात आणि पेय वरून काढून घेतलं जातं. फायनिंगचा बहुतेक भाग गाळाबरोबर जातो. म्हणूनच उत्पादक सांगतात की तो "घटक" नाही, प्रक्रियेतला सहाय्यक पदार्थ आहे. कायद्याच्या नजरेत ते खरंही आहे. पण व्हीगन माणसाला प्राणी वापरला की नाही हे हवं असतं. तो शेवटी ग्लासात किती उरला हा प्रश्न नंतरचा.

प्राणिज फायनिंग प्रामुख्याने ही:

- आयसिंग्लास. माशाच्या पोटातली हवेची पिशवी सुकवून केलेलं जवळपास शुद्ध कोलॅजन. आपले कोळी या पिशवीला भोत म्हणतात. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ मासा सापडला की त्याच्या भोताला मिळणाऱ्या भावाच्या बातम्या येतात, ती हीच पिशवी. बियरमध्ये, त्यातही ब्रिटिश पिंपातल्या बियरमध्ये, यीस्ट खाली बसवायला ती वापरतात. काही व्हाइट वाइनमध्येही असते.
- अंड्याचा पांढरा बलक. रेड वाइनचा तुरटपणा मऊ करायला. बोर्दोची ही जुनी पद्धत, 225 लिटरच्या पिंपाला काही अंडी.
- केसीन. दुधातलं प्रथिन. व्हाइट वाइनचा तपकिरी झालेला रंग आणि कडवटपणा काढायला.
- जिलेटिन. जनावरांची हाडं आणि कातडी यांपासून. वाइन, सायडर (सफरचंदाची आंबवलेली दारू), कधी घरगुती बियर.
- कायटोसान. परंपरेने कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. हल्ली बुरशीपासून केलेलंही मिळतं आणि ते चालतं. त्यामुळे "कायटोसान" एवढंच उत्तर आलं तर कशापासून, हे विचारायचंच.

बैलाचं रक्तही एके काळी वापरत असत. युरोपीय संघात त्यावर बंदी आहे, तेव्हा ती भीती सोडा.

व्हीगन पर्यायही भरपूर आहेत: बेंटोनाइट नावाची माती, सिलिका, कोळशाची पूड, पीव्हीपीपी हे कृत्रिम पॉलिमर, वाटाण्याचं किंवा बटाट्याचं प्रथिन. बियर उकळताना टाकतात ते आयरिश मॉस आणि व्हर्लफ्लॉकच्या गोळ्या समुद्री शेवाळाच्या आहेत. याशिवाय सेंट्रिफ्यूज, फिल्टर, किंवा नुसतंच थंड ठेवून गाळ बसू देणं. मोठ्या कारखान्यांतल्या लागर बियर बहुतेक वेळा अशाच नितळ होतात. कंपनीचं उत्तर आलं की ही नावं उपयोगी पडतील.

2. पेयाचा प्रकार बघून धोका ठरवा

प्रत्येक बाटलीमागे सारखाच वेळ घालवायची गरज नाही.

व्हिस्की, रम, व्होडका, जिन, टकीला यांत ऊर्ध्वपातन होतं, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड केली जाते. गढूळपणा मागे भांड्यातच राहतो, त्यामुळे फायनिंगची गरज पडत नाही. स्कॉचच्या बाबतीत तर 2009 चे नियम स्पष्ट आहेत: धान्य, पाणी, यीस्ट, आणि वरून घालायचं ते फक्त पाणी व साधा कॅरॅमल रंग. आपल्याकडच्या बऱ्याच दारूचा पाया उसाच्या मळीचा स्पिरिट असतो. परदेशात साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरतात हे वाचून घाबरला असाल, तर आपले बहुतेक साखर कारखाने गंधकाच्या धुराने रस निवळवतात, आणि मळी तर साखर काढून झाल्यावर उरलेला भाग.

गोव्याची फेणी याच गटात. काजूची बोंडं तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेचा हुर्राक, पुढच्या ऊर्ध्वपातनातून फेणी. 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या काजू फेणीत प्राणिज काही येत नाही. दुकशिरी घातलेली फेणी मिळते तीही मुळीच्या स्वादाची, चालते. मोहाच्या फुलांच्या दारूलाही तत्त्व हेच लागू. मात्र बेकायदा हातभट्टीची दारू व्हीगन आहे का यापेक्षा ती पिऊन डोळे शाबूत राहतील का, हा प्रश्न आधी विचारा. माडी-ताडी झाडावरून उतरवून तशीच पितात, निवळवत नाहीत. मडक्यात पडलेल्या मुंग्या-माश्यांचं काय, हे ज्याचं त्याने ठरवावं.

या गटात फसवणारे अपवाद मोजके आहेत, पण लक्षात ठेवा. क्रीम लिकरमध्ये साय असते: बेलीज, अमारुला. अॅडव्होकाटमध्ये अंड्याचा पिवळा बलक. ड्राम्बुईमध्ये मध, आणि नावात "हनी" असलेल्या बहुतेक व्हिस्कीतही. इंग्लंडच्या डॉर्सेटमधली ब्लॅक काऊ व्होडका चक्क दुधाच्या निवळीपासून करतात. मेक्सिकोत पेचुगा नावाचा मेझकल (टकीलासारखी दारू) असतो, त्यात ऊर्ध्वपातनाच्या वेळी भांड्यात कोंबडीचं मांस टांगतात. आणि लाल रंगाची लिकर दिसली की कार्माइन आठवा. कोचिनियल किड्यांपासून केलेला हा रंग लेबलवर ई 120 किंवा आयएनएस 120 म्हणून येतो. काम्पारी या इटालियन लिकरमध्ये तो होता. 2006 पासून कंपनीने तो बऱ्याच बाजारपेठांत बंद केला.

बियरचा धोका मधला. जर्मन बियरची परंपरा 1516 च्या बव्हेरियन शुद्धता नियमापासूनची, तिच्यात साधारणपणे अडचण येत नाही. मिल्क स्टाउट ही काळी बियर नावातच सांगते: लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. हनी एलचं मधाबाबत तेच. ऑयस्टर स्टाउटमध्ये कधी खरोखर कालवं असतात, कधी ती फक्त नावापुरती, तेव्हा विचारा.

मीड तर सरळ बाद. ते मधापासूनच बनतं. पुण्यात मूनशाइन, नाशकात सेराना हे मीड करतात. व्हीगन पार्टीत कुणी "हे तर नुसतं फळांचं" म्हणत ते पुढे केलं तर नम्रपणे नाही म्हणा.

सगळ्यात जास्त शोध वाइनमध्ये घ्यावा लागतो, त्याखालोखाल सायडरमध्ये. एकाच वाइनरीची एक वाइन व्हीगन आणि दुसरी नाही, असं सर्रास असतं.

3. लेबल वाचा, पण त्यावर विसंबू नका

भारतात खाद्यपदार्थांवर जो हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो, तो मद्यावर छापायची सक्ती नाही. लेबलच्या नियमांत मद्याला त्यातून वगळलंय. तरी काही बाटल्यांवर हिरवा ठिपका दिसतो. तो दिसला की मासा, जिलेटिन, अंडं नसावं असं मानायला जागा आहे. पण दूध आणि मध भारतीय नियमात शाकाहारीच, त्यामुळे केसीनचा आणि मधाचा प्रश्न तसाच राहतो.

खरा भरवशाचा आहे तो एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) व्हीगन लोगो: चौकोनात हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. 2022 च्या व्हीगन खाद्य नियमांत प्रक्रियेतले सहाय्यक पदार्थसुद्धा प्राणिज नसावेत असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे फायनिंग त्यात आलं. बाटल्यांवर हा लोगो मात्र अजून कमीच भेटतो.

ब्रिटन-युरोपात असाल तर व्हीगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह किंवा "व्हीगन" लिहिलेलं पिवळं व्ही-लेबल शोधा (तेच चिन्ह नुसत्या शाकाहारीसाठीही असतं). यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथच्या बहुतेक बाटलीबंद बियर व्हीगन आहेत. को-ऑपसारख्या सुपरमार्केटच्या स्वतःच्या वाइनवर मागे चक्क "व्हीगन" छापलेलं असतं. लंडन-लेस्टरला नव्याने गेलेल्या विद्यार्थ्यांनी सुरुवात तिथूनच करावी, स्वस्तही पडतं.

आता लेबलचे सापळे.

*अॅलर्जीची सूचना नाही म्हणजे सुटलो, असं नाही.* युरोपात वाइनमध्ये अंड्याचा किंवा दुधाचा अंश ठरावीक प्रमाणाहून जास्त सापडला तर ते लिहावं लागतं. त्या प्रमाणाखाली असेल तर लिहावं लागत नाही. आणि आयसिंग्लासला तर अॅलर्जीच्या यादीतून सूटच आहे. बियर-वाइन निवळवायला वापरलेल्या माशाचा उल्लेख करावा लागत नाही. मला या शोधात सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. "अंडं, दूध आहे" असं दिसलं तर बाटली बाद करा. काहीच दिसलं नाही तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

*घटकांची यादी.* युरोपात 1.2 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयांना ती पूर्वापार माफ होती. 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनला ती द्यावी लागते, बऱ्याचदा क्यूआर कोडमागे. कोड जरूर स्कॅन करा, पण फायनिंग तिथेही बहुधा नसेल, कारण ते घटकांत मोजत नाहीत.

*"ऑरगॅनिक".* सेंद्रिय द्राक्षांची वाइनसुद्धा अंड्याने निवळवता येते.

*"अनफिल्टर्ड".* गाळणी वापरली नाही एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडच्या पबमध्ये हँडपंपाने ओढून देतात ती बियर अनफिल्टर्डच असते, आणि तिच्यातच पिंपात आयसिंग्लास घालायची रीत आहे. तुम्हाला हवा तो शब्द "अनफाइन्ड", म्हणजे फायनिंग न केलेलं. तो वाइनच्या मागच्या लेबलवर कधीकधी सापडतो आणि सापडला की आनंद होतो.

4. तयार यादीत शोधा

बार्निव्होर नावाची विनामूल्य साइट आहे. लोक कंपन्यांना विचारतात आणि आलेलं उत्तर तिथे नोंदवतात. हजारो बियर, वाइन, स्पिरिट्स आहेत. हिरवं म्हणजे चालेल, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे उत्तर संदिग्ध.

रंग बघून बाहेर पडू नका. नोंद उघडा आणि तीन गोष्टी बघा: कंपनीचं मूळ उत्तर काय आहे, ते किती जुनं आहे, आणि कुठल्या देशातल्या उत्पादनाबद्दल आहे.

जुनेपणाचं उदाहरण गिनेस या आयर्लंडच्या काळ्या बियरचं. शतकाहून जास्त काळ ती आयसिंग्लासने निवळवत असत. 2015 च्या शेवटी कंपनीने नवी गाळणी बसवत असल्याचं जाहीर केलं. आधी पिंपातली बियर व्हीगन झाली, बाटल्या आणि कॅन नंतर. मधल्या काळात त्याच नावाची बियर पबमध्ये चालत होती आणि दुकानात चालत नव्हती. आजही कुणी जुना लेख वाचून "गिनेसमध्ये मासा असतो" सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याची माहिती शिळी असते.

देशाचा मुद्दा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. बडवायझर, हायनेकन, कार्ल्सबर्ग ही नावं परदेशी, पण आपल्या दुकानातली बियर भारतातल्या कारखान्यात तयार होते. हॉलंडच्या कार्यालयाने दिलेलं उत्तर तिला आपोआप लागू होत नाही. बाटलीवरचा पत्ता बघा आणि गरज पडली तर इथल्या कंपनीला विचारा.

5. कंपनीला विचारा, आणि नेमकं विचारा

"तुमची वाइन व्हीगन आहे का?" असं विचारलं तर "हो, आमची वाइन शंभर टक्के द्राक्षांची आहे" असं उत्तर येतं. ग्राहक सेवेत बसलेल्या माणसाला फायनिंग माहीत असेलच असं नाही. म्हणून प्रश्नच असे विचारा की ते वाइनमेकरकडे किंवा ब्रूमास्टरकडे पाठवावे लागतील. मी पाठवतो त्या मजकुराचा गाभा असा:

> नमस्कार. आपली (पेयाचं नाव, वर्ष, बॅच) ही बाटली मी घेतली आहे. कृपया कळवावे:
> 1. हे पेय निवळवण्यासाठी आयसिंग्लास, जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक, केसीन किंवा कायटोसान वापरले आहे का? नसल्यास काय वापरले आहे?
> 2. मध, लॅक्टोज, कार्माइन किंवा इतर प्राणिज घटक आहेत का?
> 3. हे उत्तर आपल्या सर्व उत्पादनांना लागू आहे की फक्त याच बाटलीला? दरवर्षी प्रक्रिया बदलते का?

"नसल्यास काय वापरले आहे" हे वाक्य वगळू नका. बेंटोनाइट किंवा वाटाण्याचं प्रथिन असं नाव आलं, तर समोरच्याने खरंच चौकशी केली आहे. नुसतं "नाही" आलं तर पुन्हा विचारा.

उत्तरं वाचायचीही सवय करावी लागते. "अंतिम उत्पादनात प्राणिज घटक नाहीत" म्हणजे बहुधा प्रक्रियेत आहेत. "शाकाहाऱ्यांसाठी योग्य" म्हणजे अंडं किंवा दूध असू शकतं. "गोपनीय पाककृती" म्हणजे मी तरी ती बाटली सोडून देतो. निवळवायला माती वापरली हे लपवण्यासारखं काय आहे?

नाशिक, दिंडोरी, अकलूज परिसरातल्या वाइनऱ्यांचा एक मोठा फायदा आपल्याला आहे: तिथे जाता येतं. सहलीत टाक्या दाखवताना माहिती देणाऱ्याला हे प्रश्न विचारा. त्याला माहीत नसेल तर तो आतल्या माणसाला हाक मारतो, आणि वाइन बनवणाऱ्या माणसाला या विषयावर बोलायला मनापासून आवडतं. कुठल्या वाइनला काय वापरलं आणि यंदा का बदललं, हे सगळं ऐकायला मिळतं. ईमेलमध्ये एवढं कधीच येत नाही.

6. बार, मायक्रोब्रूअरी आणि कॉकटेल

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रूअरीत बियर तिथेच बनते, त्यामुळे वेटरला छळण्यापेक्षा ब्रूअर आहे का ते विचारा. "फायनिंगला काय वापरता, जिलेटिन की आणखी काही?" एवढाच प्रश्न पुरतो. गढूळ गव्हाची बियर बहुधा निवळवलेलीच नसते, पण मध घातलाय का ते बघा.

कॉकटेलमध्ये बाटल्या व्हीगन असूनही ग्लास नसतो. व्हिस्की सावर, पिस्को सावर यांचा फेस अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा. बार चांगला असेल तर काबुली चणे शिजवलेल्या पाण्याने तो करून देतात, फेस तितकाच येतो. ब्लडी मेरीतल्या वूस्टरशर सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार अँचोव्ही मासा असतो. काही ब्रँड त्याशिवाय बनवतात, तेव्हा सॉसची बाटली मागवून बघा. पिन्या कोलाडात कुठे नारळाचं दूध असतं, कुठे वर सायही ओततात.

आणि सध्या फॅशनमध्ये असलेला सापळा म्हणजे क्लॅरिफाइड मिल्क पंच. आंबट कॉकटेल दुधात ओतून दूध नासवतात आणि चोथा गाळून टाकतात. ग्लासात येतं ते पाण्यासारखं पारदर्शक पेय, दुधाचा मागमूस नाही. मेन्यूत कधी नुसतं "क्लॅरिफाइड" लिहिलेलं असतं. हा शब्द दिसला की कशाने, हे विचारा.

7. किती खोलात जायचं ते ठरवा

काही बियरच्या लेबलचा डिंक केसीनचा असतो. काही बाटल्यांच्या तोंडाला मधमाशीचं मेण. व्हिस्की ज्या शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपात मुरली त्या शेरीला कधीतरी अंडं लागलेलं असू शकतं. हे सगळं खरं आहे आणि याला अंत नाही. मी घटक आणि फायनिंग इथे रेघ ओढली आहे. तुमची रेघ वेगळी असेल तर प्रश्नांत तेवढी भर घाला. पण पहिल्याच महिन्यात डिंकापर्यंत पोचलात तर बहुधा कंटाळून सगळंच सोडाल.

8. उत्तर आलं की नोंदवा

मोबाइलमध्ये साधी यादी पुरते: नाव, वर्ष, काय उत्तर आलं, कोणत्या तारखेला. बियर-स्पिरिटचं उत्तर दोनेक वर्षांनी पुन्हा विचारा, वाइनचं दर नव्या हंगामाला. शिवाय मिळालेलं उत्तर बार्निव्होरवर टाका. परदेशी नावांच्या मानाने भारतीय बाटल्यांच्या नोंदी तिथे विरळ आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या काही जुन्या. कंपनीचा ईमेल जसाच्या तसा चिकटवायचा, त्यातलं कर्मचाऱ्याचं नाव आणि फोन नंबर तेवढा काढून.